वरील शेऱ्याशी सहमत

माझं मत फार लवकर तयार होतं. समोरचा माणूस खुर्ची ओढून नीट बसायच्या आत त्याच्याविषयीचा माझा निकाल लागलेला असतो, आणि हे मी इतकी वर्षं अभिमानाने सांगत आले. दिल्लीत सरकारी नोकरीत माझी सव्वीस वर्षं झाली. प्रत्येक फाइलवर विचार करत बसले असते तर अजून पहिल्याच टेबलावर असते. फाइल येते ती कोणाच्या तरी टिपणीसकट येते. आपण वाचायची, खाली 'सहमत' लिहायचं आणि सही ठोकायची. हाताला सवय झालेली असते, डोक्याला विचारावंही लागत नाही.

तरीही मी स्वतःला मोकळ्या मनाची बाई समजत होते. कोत्या मनाची माणसं म्हणजे इतर सगळी. पुण्याच्या माझ्या वन्सं, ज्यांना दिल्लीतली प्रत्येक गोष्ट वाईट वाटते. ऑफिसातले माझे शेजारी, ज्यांना पुण्यातली प्रत्येक गोष्ट वाईट वाटते. या लोकांची मतं किती घट्ट झाकण लावलेली असतात हे मी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याला रोज समजावून सांगायचे. तो मान हलवत जेवायचा.

तर त्या रविवारची गोष्ट. दर वर्षी सनदी सेवांच्या मोठ्या परीक्षेच्या मुलाखतींचा मोसम आला की कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनातली एक खोली आम्ही काही मराठी मंडळी रविवारी मागून घेतो. लेखी पास झालेली महाराष्ट्रातली मुलंमुली खऱ्या मुलाखतीआधी तिथे येतात आणि आम्ही लटका बोर्ड होऊन त्यांना प्रश्न विचारतो. 'मॉक' म्हणतात त्याला. आमचा बोर्ड तिघांचा. मधल्या खुर्चीत साहेब, म्हणजे फार मोठ्या पदावरून निवृत्त झालेले आणि एके काळी माझा गोपनीय अहवाल लिहिणारे माझे वरिष्ठ. डावीकडे एक सज्जन प्राध्यापक, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. उजवीकडे मी. मला हा दिवस इतका आवडतो की शनिवारीच मी साडीला इस्त्री करून ठेवते.

आमची एक पद्धत होती. उमेदवार बाहेर गेला की साहेब त्याच्या कागदावर आधी शेरा लिहायचे. मग कागद प्राध्यापकांकडे, मग माझ्याकडे. ऑफिसात निदान खालचा माणूस आधी लिहितो आणि वरचा नंतर. इथे वरच्यानेच आधी लिहिल्यावर आम्हाला लिहायला उरायचं काय? प्राध्यापक लिहायचे 'सहमत', मी लिहायचे 'सहमत'. अकरा वर्षांत साहेबांच्या शेऱ्याखाली मी दुसरं काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी तिसरी आली ती हिंगोलीकडची मुलगी. मुनिरक्यात तिघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहणारी. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचून राहिलेली, आणि हा तिचा शेवटचा अटेम्प्ट. खरी मुलाखत मंगळवारी सकाळी होती. या वेळी नाही झालं तर सामान बांधून गावी परत जायचं, असं घरी ठरलेलं. हे तिनेच साहेबांच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितलं, रडवेली न होता, रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं.

फॉर्मवर छंदापुढे तिने लिहिलं होतं, 'वाद ऐकणे'. मी लगेच मनात नोंद केली की ही घुमी असणार. वाद घालणे समजू शकते, ऐकणे हा काय छंद आहे? ती म्हणाली, आमच्या खोलीत चौघींची चार मतं आहेत, रोज भांडण होतं, आणि मला कोण जिंकतंय यापेक्षा कोण कुठे अडकतंय ते ऐकायला आवडतं. साहेबांना हे फारसं रुचलं नाही.

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. तुमच्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह आहे, तिथे कॅमेरे बसवायचे की नाही ते तुमच्या हातात आहे, काय कराल? हा प्रश्न माझ्या लाडाचा, कारण मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत दीड वर्ष भांडून मी कॅमेरे बसवून घेतलेत. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. कॅमेऱ्यांविरुद्ध बोलणारा माणूस मला एक तर आळशी वाटतो किंवा चोर.

मुलीने सांगितलं, बसवीन. तीन कारणं दिली, तिन्ही माझीच. मी खूश झाले. तेवढ्यात प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, "आणि ते बघणार कोण?"

ती गप्प झाली. मॉकला येणारी मुलं गप्प होत नाहीत, त्यांना क्लासात तसं शिकवलेलंच नसतं. 'एकीकडे असं आहे, पण दुसरीकडे तसंही आहे' हे त्यांच्या तोंडात तयार असतं. दोन्ही बाजू पाठ, आणि त्यांचं स्वतःचं कुठल्याच बाजूला काही नसतं. ही मात्र खाली टेबलाकडे बघत राहिली, आणि ती खरोखर विचार करते आहे हे मला दिसत होतं.

"सर, आमच्या वसतिगृहात कॅमेरा होता," ती म्हणाली. "त्याच्याखालून जाताना आम्ही सगळ्या ओढणी सारखी करायचो. पण तो बघतं कोण, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आत्ता दिलेलं उत्तर मी मागे घेते. आधी बघणारा कोण ते ठरवीन, मुलींना विचारीन, मग कॅमेरा."

मला काय झालं ते सांगते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या खुर्चीत बसून आमच्या डोळ्यांदेखत एखाद्याचं मत बदलताना अकरा वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली. मी वाजवली नाही.

ती बाहेर गेली आणि साहेबांनी कागदावर लिहिलं, 'मत ठाम नाही. दबावाखाली भूमिका बदलते.' कागद प्राध्यापकांकडे गेला. ज्यांच्या प्रश्नाने हे सगळं झालं त्यांनीच चष्मा पुसून लिहिलं, 'सहमत'. कागद माझ्यासमोर आला. अंगावरचा काटा अजून उतरला नव्हता. मी पेन उचललं, लिहिलं 'सहमत', आणि झोकदार सही केली.

मग तिला आत बोलावून आम्ही सल्ला दिला. साहेब म्हणाले, बोर्डासमोर उत्तर कधीही बदलायचं नाही, तिथे ते कच्चेपणाचं लक्षण धरतात. तिने वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "पण मॅडम, मला खरंच पटलं होतं."

"पटलं तरी तिथे दाखवायचं नाही," मी म्हणाले. "एकदा बोललीस की बोललीस."

तिने तेही लिहून घेतलं.

मंडी हाऊसहून मेट्रो पकडून मी साडेतीनला घरी पोचले. चहा केला, आणि चहाबरोबर रोज जे करते ते करायला फोन उघडला. सोसायटीचे सगळे कॅमेरे माझ्या फोनवर दिसतात. गार्डला स्क्रीन बघत बसायचा कंटाळा येतो म्हणून ती सोय मीच करून घेतली आहे. कोणाकडे कोण आलं, कोणी लिफ्टचं दार उघडं ठेवलं, मला सगळं माहीत असतं.

चार वाजता तिसऱ्या मजल्यावरचे अंकल गेटातून आत आले. सत्तरीच्या पुढचे, एकटे राहणारे, सक्काळपासून स्वेटर आणि मफलर. त्यांची एक गोष्ट मी गेले तीन महिने बघत होते. रोज अकराला एक मोठी पिशवी घेऊन बाहेर पडतात, पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला वाकलेले, आणि चारला येतात तेव्हा तीच पिशवी हलकी असते. माझा निकाल केव्हाच लागला होता. घरचा कचरा गाडीत न देता हा माणूस मागच्या पार्कात नेऊन टाकतो. दोन आठवड्यांपूर्वी मी नोटीसही लावली होती, पार्कात कचरा टाकणाऱ्या सभासदांवर कारवाई होईल म्हणून. नाव लिहिलं नव्हतं, पण लिफ्टमध्ये सगळे त्यांच्याकडेच बघतील अशी व्यवस्था मी केली होती.

आणि त्या दिवशी चहाचा कप हातात असताना प्राध्यापकांचा तो हळू आवाज कानात वाजला. आणि ते बघणार कोण? बघणारी मी होते. तीन महिने बघत होते, आणि विचारलं एकदाही नव्हतं.

मी स्लिपर घालून धावत खाली गेले. नवरा मागून विचारत होता की काय पेटलंय का. अंकल लिफ्टची वाट बघत उभे होते. मी धापा टाकत हिंदीत विचारलं की अंकल, बुरा मत मानिए, इस थैले में क्या होता है? त्यांनी घाबरून पिशवी पुढे केली, पोलिसाला दाखवावी तशी. आत घडी केलेल्या चादरी, दोन पायजमे आणि एक टॉवेल होता. सगळं कोरडं, उन्हाचा वास येणारं.

"गीले ले जाता हूँ, सुखाकर ले आता हूँ," ते म्हणाले. "मेरी तरफ धूप नहीं आती ना, मैडम जी. और छत पर तो ताला है।"

गच्चीला कुलूप आहे. ते कोणी लावलं? गेल्या वर्षी कोणाची तरी पोरं वर गोंधळ घालत होती म्हणून मी. किल्ली कोणाकडे? माझ्या पर्समध्ये. सत्तरी ओलांडलेला माणूस ओल्या चादरींचं ओझं घेऊन रोज पार्काच्या कुंपणावर वाळत घालत होता आणि राखण करत पाच तास बाकावर बसत होता. मी मात्र फोनवर बघून त्याला कचरा टाकणारा ठरवून मोकळी झाले होते. मला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की मी सॉरी म्हटलं की नाही तेही आता आठवत नाही.

पण खरं सांगू? लाजेच्या मागोमाग मला भलताच हुरूप आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं मत उलटं झालं होतं आणि मी मेले नव्हते. उलट एखादी बंद खिडकी धक्का मारून उघडावी तसं वाटत होतं. मी घरभर फिरत नवऱ्याला अंकलची गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना मधेच थांबले. त्या मुलीने दहा सेकंदांत जे केलं ते करायला मला तीन महिने लागले होते, आणि तिला मी काय सांगितलं? पटलं तरी दाखवायचं नाही. मंगळवारी सकाळी ती माझं वाक्य घेऊन खऱ्या बोर्डासमोर बसणार होती, आणि तो तिचा शेवटचा अटेम्प्ट होता.

नवरा म्हणाला, मग आधी साहेबांना फोन कर, तुझी सही त्यांच्या शेऱ्याखाली आहे. हे मला नको होतं. साहेबांना नाही म्हणायची मला सवयच नाही. तरी केला. सगळं सांगितलं, चादरींसकट, आणि म्हणाले की त्या मुलीच्या कागदावरचं माझं 'सहमत' मी मागे घेते.

"म्हणजे दबावाखाली तुम्हीही भूमिका बदलता म्हणायचं," ते म्हणाले.

"दबावाखाली नाही, साहेब. पटलं म्हणून."

त्यांनी 'ठीक आहे' म्हणून फोन ठेवला. ठीक आहे म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क नाचले.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मुनिरका गाठलं. फॉर्मवर पत्ता होता, फोन लागत नव्हता. आदल्या दिवशी मुलं फोन बंद ठेवतात. गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. चौथ्या मजल्यावर चढेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. दार उघडंच होतं. आत तिघी मैत्रिणी पलंगावर बोर्ड होऊन बसल्या होत्या आणि ती समोर स्टुलावर, उद्याची साडी नेसून, सवय व्हावी म्हणून.

एकीने नेमका कॅमेऱ्याचाच प्रश्न विचारला. दुसरीने लगेच, बघणार कोण? आणि ती न थांबता म्हणाली, "मी माझ्या मतावर ठाम आहे." मान ताठ, आवाज कोरडा. कालच्या मुलीचा मागमूस नव्हता. माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकताना मला दारात उभं राहवेना. मी आत शिरले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, की काल मी चुकले, तू बरोबर होतीस, उद्या पटलं तर खुशाल बदल.

मला वाटलं होतं ती खूश होईल. ती चिडली. स्टुलावरून न उठता म्हणाली, "मॅडम, पहिल्या वेळी मला सांगितलं, दोन्ही बाजू बोल. मार्क कमी. दुसऱ्या वेळी सांगितलं, एकच बाजू धर. मार्क कमी. काल तुम्ही एक सांगितलं, आज दुसरं सांगताय, आणि उद्या नऊ वाजता मला आत जायचंय. मी कोणाचं ऐकू?"

आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी उत्तर ताबडतोब तयार केलं नाही. पलंगाच्या कडेवर बसले आणि तिला अंकलची गोष्ट सांगितली. पिशवी, नोटीस, माझा फोन, चादरी, सगळं. एक मैत्रीण हसायला लागली, मग दुसरी. तिच्याही ओठाचा कोपरा हलला. ती ऐकत होती, अगदी फॉर्मवर लिहिलं होतं तशी. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मग गच्ची उघडली का?"

मी पर्स उघडली. किल्ली तिथेच होती. काल चारपासून आज चारपर्यंत मी मोकळ्या मनाच्या आनंदात घरभर फिरले, साहेबांना फोन केला, नाचले, अर्धी दिल्ली ओलांडून सल्ला द्यायला आले, आणि आजही सकाळी अकराला अंकल ओझं घेऊन वाकत बाहेर पडले होते. मी ते फोनवर बघितलंही होतं.

"नाही," मी म्हणाले.

ती किल्लीकडे बघत राहिली, आणि मग पहिल्यांदा मनापासून हसली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही जा. गच्ची उघडा. माझं मी बघते." तिच्या आवाजातला कोरडेपणा गेला होता. मैत्रिणीने मला खालपर्यंत सोडलं आणि मेट्रोचा जवळचा रस्ता दाखवला.

संध्याकाळी सहाला मी कुलूप काढलं. गंजलेलं, किल्ली फिरेना, नवऱ्याने तेल आणून घातलं. अंकलना बोलावून वर नेलं आणि दोरी बांधायला खिळे ठोकले. ते म्हणत होते, आज तो धूप चली गई, मैडम जी. कल आएगी, मी म्हणाले.

मंगळवारी ऑफिसात माझं एकाही फाइलकडे लक्ष नव्हतं. दुपारी एक वाजताच घरी आले आणि सरळ गच्चीवर गेले. दोरीवर अंकलच्या चादरी होत्या, आणि अंकल खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचत होते. तेवढ्यात तिचा फोन आला.

कॅमेऱ्याचं नाही विचारलं, ती म्हणाली. शाळा जोडण्यावर विचारलं, कमी पटाच्या शाळा बंद करून एकत्र करायच्या का. तिने हो म्हटलं, कारणं दिली. मग कडेला बसलेल्या एका बाईंनी विचारलं की मुली तिथवर चालत जातील का. ती थांबली. मग तिने उत्तर बदललं.

मी चादरींच्या मधे उभी होते. त्या बाईंनी काय केलं, मी विचारलं.

"मी बोलत होते तेव्हाच त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं."

काय लिहिलं असेल ते मला पक्कं माहीत होतं. 'मत ठाम नाही', ज्याच्याखाली परवा मी 'सहमत' लिहिलं होतं. मी डोळे मिटून घेतले.

"मग माझं बोलणं संपल्यावर," ती म्हणाली, "त्यांनी ते खोडलं, मॅडम. आणि परत लिहायला घेतलं."